दाजी, तुमचं खरं वजन

दाजी, तुम्ही गेल्यावर समाचाराला जे जे आले, त्या प्रत्येकाला अक्का भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी घेऊन गेली. फेब्रुवारीच्या पानावर रोजच्या चौकोनात तिनं पेन्सिलीनं एकेक आकडा लिहिलेला. त्यावर बोट ठेवून ती म्हणायची, "ह्ये बगा, वजान तर जरासुदिक वाढलं न्हवतं. मीच त्या दिवशी मिठाचं जेवाण वाढलं. मीच घालवलं त्यास्नी." आलेल्या बायका तिची समजूत घालायच्या. मी तिचा पाठचा भाऊ, तिथंच चौकटीला टेकून उभा असायचो. चहाच्या कपबश्या गोळा करायचो आणि आत नेऊन ठेवायचो.

त्या पानावरचे आकडे मी सांगितलेले होते आणि त्यांतले शेवटचे तीन खोटे होते. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं, अक्काला नव्हतं, डॉक्टरांना नव्हतं. ठाऊक होतं ते मला एकट्याला. आणि मी कोण, तर सांगलीच्या हळदपेठेत सव्वीस वर्षं तोलार म्हणून काट्यापाशी उभा राहिलेला माणूस. पोतं काट्यावर चढलं की दांडी बघायची, आकडा मोठ्यानं पुकारायचा, आणि शेतकऱ्यानं आणि व्यापाऱ्यानं तो बिनतक्रार मान्य करायचा. माझी सगळी इभ्रत त्या पुकाऱ्यात. तासगावकडचे म्हातारे शेतकरी, जे अजून किलोला जुमानत नाहीत आणि "मणात सांग" म्हणून अडून बसतात, तेसुद्धा माल उतरला की मी कुठं आहे ते आधी विचारतात. याचा मला गर्व होता. होता म्हणजे, लय होता.

तुम्हाला तो गर्व माहीत होता म्हणून तुम्ही मुद्दाम डिवचायचात. फौजेत वीस वर्षं गाड्या हाकलेल्या माणसाला पेठेतली माणसं म्हणजे सगळी हातचलाखीची. एकदा चारचौघांत तुम्ही म्हणालात की पावण्याच्या काट्यावर हत्ती चढवला तरी व्यापाऱ्याला पाहिजे तेवढाच भरेल. सगळे हसले. मला मात्र ते झोंबलं. चार दिवस मी तुमच्या घराकडं फिरकलो नाही. पाचव्या दिवशी तुम्हीच आलात, पोत्यावर बसलात, माझ्या डब्यातली अर्धी भाकरी मोडून घेतलीत आणि विषय मिटला. तो वाद आपला अर्धाच राहिला, दाजी. आता तुमचा मुद्दा तुम्ही न बोलता सिद्ध झालाय.

तुमचा आजार काय चीज आहे ते आम्हाला मेढ्याच्या लग्नानं शिकवलं. तोवर गोळ्या चालू होत्या, पण तुम्ही त्यांना मनावर घेत नव्हता. जिना चढताना दम लागला की हळदीच्या धुरळ्याला नावं ठेवायचात. तुमच्या मावसभावाच्या मुलाचं मेढ्याला लग्न निघालं. एसटीचा प्रवास, घाटाचा रस्ता, आणि सकाळच्या त्या लघवीच्या गोळीनं दर अर्ध्या तासाला उठायला लागायचं. तुम्ही दोन दिवस गोळी घेतलीच नाही. वर लग्नातलं जेवण, पापड, लोणचं, सगळं हाणलंत. परत आलात तेव्हा पाय खांबासारखे, पोट टरारलेलं, आणि आडवं पडलं की जीव गुदमरायचा. भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्याच तुम्ही डुलक्या काढायचात. दहा दिवस दवाखान्यात गेले.

तिथं डॉक्टरांनी आपल्या तिघांना समोर बसवून सगळं उलगडून सांगितलं. हृदय बंद पडलेलं नाही, ते दमलंय, म्हणाले. पुढं जेवढ्या जोरानं रक्त ढकलायला हवं तेवढं ढकलत नाही, मग मागं पाणी तुंबत जातं, आधी पायांत, मग पोटात, शेवटी छातीत. हा रोग मुळापासून जाणार नाही, पण नीट सांभाळलात तर त्याच्यासकट बरीच वर्षं काढता येतील. तुम्ही ड्रायव्हरच्या डोक्यानं ऐकत होता. म्हणालात, "म्हंजी पंप हाय, पर प्रेशर न्हाई." डॉक्टर हसले आणि म्हणाले, अगदी तसंच.

मग अक्का शिकली. मराठी चौथी शिकलेली माझी बहीण तुमचं मनगट धरून घड्याळाच्या काट्यावर नाडीचे ठोके मोजायला शिकली, कारण हृदयाची ती बारीक गोळी ठोके साठाच्या खाली असले तर द्यायची नव्हती. अन्न पिवळं दिसायला लागलं किंवा मळमळलं तरी ती थांबवून डॉक्टरांना विचारायचं होतं. लघवीच्या गोळीनं अंगातली ताकद जाते म्हणून रोज एक केळं. पाणी एका तांब्यात मोजून दिवसभराचं. आणि जेवण अळणी. मीठ नाही, पापड नाही, लोणचं नाही, भजीतला सोडासुद्धा नाही. तुमच्या ताटाशेजारी बसून तीही तसलंच जेवायची. तुम्ही रागावायचात, तोंड वाकडं करायचात, पण ताट ढकलून कधी दिलं नाहीत.

माझ्या वाट्याला वजन आलं. डॉक्टर म्हणाले होते, सूज डोळ्यांना दिसेपर्यंत दोन-तीन लिटर पाणी अंगात साठलेलं असतं, त्याच्या आधी ते कळतं वजनावरून. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आत, त्याच कपड्यांत आणि त्याच काट्यावर. दवाखान्यातून निघताना तुम्ही एकसष्ट किलो होता. दोन दिवसांत किलोभर वाढलं किंवा त्रेसष्टच्या वर गेलं, तर लघवीची गोळी एकाऐवजी दोन द्यायची आणि त्याच दिवशी दाखवायला आणायचं. प्रवास तर नाहीच. रोज वजन करायला काटा कुठं आहे, असं डॉक्टरांनी विचारलं. स्टेशनवर नाणं टाकायचं यंत्र आहे, ते तिकिटावर वजन आणि पाठीमागं भविष्य छापून देतं, असं अक्का म्हणाली. तुम्ही म्हणालात, "भविष्य कशाला पायजे? आमच्या पावण्याचा काटा हाय की." माझी छाती दवाखान्यातच फुगली.

तेव्हापासून रोज सव्वासातला तुम्ही पेठेत यायचात. हमाल शेकोटी करून बसलेले असायचे. हळदीच्या पोत्याच्या जागी फौजेतले हवालदार, म्हणजे तुम्ही, चढले की त्यांना गंमत वाटायची. कुणी म्हणायचं, वाण कुठला. तुम्ही म्हणायचात, "कोरेगावचा हाय, जरा किडलाय." मी दांडीवरचं वजन सरकवायचो आणि पोत्याचा पुकारतो तसाच तुमचा आकडा पुकारायचो. तुम्ही घरी जाऊन अक्काला सांगायचात आणि ती कॅलेंडरवर लिहायची. तीन महिने हे बिनबोभाट चाललं. त्या तीन महिन्यांत दोनदा तुमचं वजन वाढलं, दोनदा मी खरा आकडा सांगितला, दोनदा अक्कानं जास्तीची गोळी दिली आणि तीन दिवसांत तुम्ही ताळ्यावर आलात. म्हणजे काय करायचं आणि केल्यानं काय होतं हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायलाही मला जागा नाही.

थंडी पडली तशी तुम्ही फौजेची जर्सी आणि मफलर घालून यायला लागलात. आधी काट्यावर चढताना काढायचात. तुम्हाला कुडकुडताना बघून मीच म्हणालो, राहू द्या दाजी, मी बारदान वजा करतो. पोत्याचं वजन करताना रिकाम्या गोणपाटाचं वजन आम्ही मनातल्या मनात वजा करतो, त्यालाच बारदान. तुमची जर्सी आणि मफलर मी एकदा वेगळे तोलले, नऊशे ग्रॅम भरले. रोज तेवढे वजा करून आकडा सांगायचो. दुसरा कुणी असता, डॉक्टर, कंपाउंडर, मास्तर, तर त्यानं जर्सी उतरवायला लावली असती. पण बारदान वजा करणं हे तोलाराच्या हाडीमासी असतं, आणि ते किती धरायचं हे तोलाराच्या मनावर असतं. पहाटे दव पडून गोणपाट ओलं झालं असेल तर आम्ही थोडं जास्त धरतो. तेवढी सवलत पेठेनं आम्हाला पिढ्यान्पिढ्या दिलेली आहे.

आता तुमच्या धाकट्या भावाचं, तात्यांचं. तुमचे वडील वारले तेव्हा तुम्ही सरहद्दीवर होता. तार उशिरा पोचली, रजा त्याहून उशिरा मिळाली. तात्यांनी अग्नी दिला, याबद्दल तुम्ही कधी चकार शब्द काढला नाहीत. पण त्यांनी अस्थीही माहुलीच्या संगमावर सोडून दिल्या, थोरला भाऊ येईपर्यंत मडकं झाडाला टांगून ठेवलं नाही, हे तुम्ही विसरला नाहीत. त्यावरून अकरा वर्षं तुम्ही आपल्या गावी, कोरेगावला, पाऊल टाकलं नव्हतं. मी कितीदा तुमच्याशी भांडलो. म्हणायचो, त्या पोरानं घाबरून भटजी सांगेल तसं केलं असेल. तुम्ही म्हणायचात, अस्थी कुटं पळून जात व्हत्या?

तुम्हाला न विचारता मी तात्यांना पोस्टकार्ड टाकलं. तुमच्या आजाराचं लिहिलं. आठ दिवसांत त्यांचं उत्तर आलं. त्यांच्या मुलीचं लग्न पाटणच्या मुलाशी ठरत होतं आणि त्यांनी लिहिलं होतं, दादा आला तरच बेस्तरवारी सुपारी फुटंल. ते कार्ड मी तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही ते माझ्या हातातून घेतलं, परत वाचलंत आणि खिशात ठेवलंत. दुसऱ्या दिवशी काट्यावर चढता चढता म्हणालात, बेस्तरवारी जाऊन येऊ. तेवढंच. पण त्या दिवशी घरी जाताना तुम्ही शीळ घालत गेलात, आणि माझ्यामुळं हे घडतंय म्हणून मीही हवेत होतो.

तो बेस्तरवार यायच्या आधीच्या सोमवारी तुमचं वजन वाढलं. जर्सी वजा जाऊन बासष्ट किलो तीनशे. शनिवारी साडेएकसष्ट होतं, रविवारी पेठ बंद. मी मनात म्हटलं, दव पडलंय, जर्सी ओली असेल, आणि साडेएकसष्टच सांगितलं. हात लावून बघितली असती तर कळलं असतं, जर्सी कोरडी ठाक होती. मंगळवारी त्रेसष्ट किलो दोनशे. त्या दिवशी दव नव्हतं. तरी मी साडेएकसष्ट सांगितलं आणि लगेच हमालावर कशावरून तरी ओरडलो. का वाढत होतं ते मला समजत नव्हतं आणि समजायचं कारणही नव्हतं, माझं काम आकडा सांगायचं होतं. पण आकडा सांगितला तर डॉक्टर जाऊ देणार नाहीत, पाटणचे लोक काही तारीख बदलणार नाहीत, तात्यांना वाटणार दादानं आजाराचं निमित्त केलं, आणि माझं पोस्टकार्ड फुकट जाणार. खरं सांगायचं तर यातलं शेवटचंच माझ्या मनात वर होतं. मला मध्यस्थ म्हणून मिरवायचं होतं.

बुधवारी तुम्ही आलात तेव्हा शेकोटीपाशी दम घ्यायला थांबलात. मी ते पाहिलं आणि पोती मोजायला लागलो. मग तुम्ही काट्यावर चढलात. तोंड नेहमीसारखं रस्त्याकडं, कारण दांडी बघायला मान वाकवली की काटा हलतो, हे मीच तुम्हाला शिकवलेलं. मी दांडीवरचं वजन सरकवत होतो. ते आदल्या दिवशीच्या खुणेच्या बरंच पुढं गेलं, तेव्हा कुठं दांडी उतरली.

तुम्ही पाठमोरेच म्हणालात, "पावणं, जमंल न्हवं जायला?"

मी दांडीवरचं वजन ओढून शून्यावर आणलं आणि पोत्याचा पुकारतो तसाच खणखणीत आवाजात पुकारलं, "साडेएकसष्ट."

तुम्ही उतरलात, माझ्या पाठीवर थाप मारलीत आणि घरी गेलात. कॅलेंडरवर सलग तीन चौकोनांत तोच आकडा बघून अक्काला इतका आनंद झाला की त्या दिवशी तिनं तुम्हाला तुमच्या मनासारखं जेवायला घातलं. ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, मिठाची आमटी. एक दिवस चालंल, म्हणाली, वजान तर वाढत न्हाई. तीन महिन्यांनी तोंडाला चव आली म्हणून तुम्ही बोटं चाटलीत आणि ती पदरात तोंड घालून हसली. हे सगळं तिनं मला दुसऱ्या दिवशी गाडीत मोठ्या हौसेनं सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत होतो.

रुंद रूळ झाल्यापासून गाडी सांगलीहून नीट कोरेगावला जाते, तेव्हा प्रवासाचा त्रास काही नव्हता. पण स्टेशनवर उतरल्यावर तुम्ही बाकावर बसलात आणि बुटांच्या नाड्या सैल केल्यात. मोज्याच्या रबराचा वळ खोल उठला होता. मी बघतोय हे बघून तुम्ही म्हणालात, मोजं नवीन हायेत, रबार घट्ट हाय. मी लगेच म्हणालो, नव्या मोज्यांचं तसंच असतं. कसं सुचतं माणसाला, दाजी? घरापर्यंतच्या एवढ्याशा वाटेत तुम्ही दोनदा बसलात.

तात्या दारातच उभे होते. तुम्हाला बघून ते पुढं आले आणि वाकून त्यांनी तुमचे पाय धरले. अकरा वर्षांचं होतं, त्यांना सोडवेना. तुम्ही त्यांच्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "ऊठ गड्या, आता किती दाबतुस पाय." ते उठले तेव्हा त्यांच्या बोटांचे खड्डे तुमच्या पावलांवर तसेच राहिलेले होते. ते म्हणाले, दादा, पाय सुजल्यात. तुम्ही म्हणालात, परवास झालाय. मी तुमच्या मागं एका हातावर होतो. तेव्हासुद्धा मी तोंड उघडलं असतं तर सातारा फार लांब नव्हता. पण मंडप घातलेला, पाटणची मंडळी बसलेली. तुम्ही सुपारी फोडलीत, मुलीच्या कपाळाला हात लावलात आणि दोघे भाऊ एका पाटाला पाट लावून जेवायला बसलात. तुमचं ताट अळणी होतं. तात्यांनीही आपलं ताट तसंच मागून घेतलं.

हा एक तास तुम्हाला माझ्यामुळं मिळाला, असं मी कितीदा स्वतःला सांगून बघितलं. ते टिकत नाही. दोन गोळ्या घेऊन, पाच दिवस घरी राहून, पुढच्या आठवड्यात तुम्ही जाऊ शकला असता. सुपारी चुकली असती, भाऊ चुकला नसता.

रात्री तिथंच राहिलो आणि शुक्रवारी जेवणवेळेला तुम्हाला श्वास घेता येईना. साताऱ्याला जीपमधून नेलं. दवाखान्यात तुम्ही खाटेवर बसूनच होता, हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर खाली होणारे. तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, नळी लावली आणि मला विचारलं, चार दिवसांत वजन वाढलं होतं का. अक्का शेजारी होती. मी म्हणालो, नाही. तुम्ही ते ऐकलंत आणि माझ्याकडं बघून, दर शब्दाला थांबत म्हणालात, "वजान तर वाढलं न्हवतं रं. मग ह्ये कशानं?" मी म्हणालो, थंडीनं. तुमच्याशी मी शेवटचं बोललो ते एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

मी लहान होतो तेव्हा तुम्ही मला कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकवलंत, आठवतं? नव्यानंच लग्न झालेलं, रजेवर आलेले, आणि बायकोच्या भावाला पाठीवर सुका भोपळा बांधून पाण्यात ढकलणारे. एक दिवस भोपळा सोडलात आणि म्हणालात, भिऊ नको, मी धरलंय. तुम्ही धरलं नव्हतं. मी चार हात एकटा पोहून गेलो होतो. तुमचं ते खोटं मला जन्मभर पुरलं. माझं खोटंही तसंच म्हणून खपवायचा मोह मला या दिवसांत झाला. पण तुमचा हात सुटला तरी तुम्ही माझ्याबरोबरीनं पाण्यात होता, डोळा माझ्यावरून काढला नव्हता. मी तर दुसरीकडं बघत होतो.

तेराव्यानंतर आपले डॉक्टर घरी येऊन गेले. अक्कानं त्यांनाही कॅलेंडर दाखवलं. त्यांनी एकेका चौकोनावरून बोट फिरवलं. म्हणाले, वजन असं स्थिर असताना छातीत एवढं पाणी भरत नाही, आणि एका जेवणानं तर नाहीच, बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तिनं विचारलं, मग कशानं भरलं? ते म्हणाले, कधी कधी आम्हालाही कळत नाही. ते गेल्यावर ती म्हणाली, त्यांनी माझ्यावर दया म्हणून तसं सांगितलं. मीठ तिनं वर्ज्य केलं होतंच, आता नुसती भाकरी पाण्याशी खायला लागली. तुमचा मुलगा दहा दिवसांच्या रजेवर आला होता, त्यानं हात जोडले, तरी ऐकेना. मी रोज जाऊन तिचं ते ताट बघत होतो. दाजी, तुमच्या मरणाची मला लाज वाटते, पण त्यानंतरच्या त्या सहा आठवड्यांची त्याहून वाटते. तुम्हाला फसवलं तेव्हा पुढं काय होणार ते मला दिसत नव्हतं. अक्का माझ्या डोळ्यांदेखत झिजत होती.

फाल्गुनातल्या अमावास्येला पेठ बंद होती. मी सकाळीच गेलो. शेजारच्या काकू बसलेल्या, आणि अक्का त्यांना तेच सांगत होती, पहिल्यापासून. त्या उठून जाईपर्यंत मी थांबलो. मग म्हणालो, "अक्का, शेवटचे तीन आकडे मी खोटे सांगितले. त्यांचं वजन वाढत होतं. मला दिसत होतं."

तिला आधी कळलंच नाही. मी परत सांगितलं. ती रडेल, अंगावर येईल, असं मला वाटलं होतं. तिनं विचारलं, "खरा किती व्हता?"

मी तिन्ही सांगितले. ती हिशेब करत असल्यासारखी जमिनीकडं बघत होती. मग म्हणाली, "बुधवारी मला ह्यो आकडा कळला आसता तर मी दोन गोळ्या दिल्या आसत्या. गाडीत बसवलंच नसतं." आवाजात राग नव्हता. तिनं विचारलं, "त्यास्नी सांगितलंस का?"

मी म्हणालो, कुणाला?

"ज्यांचं वजान व्हतं त्यास्नी. मला काय सांगतुस?"

आणि ती आत गेली. ती बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी पाडवा होता, तुमच्या दारात या वर्षी गुढी नव्हती, आणि दार माझ्यासाठी उघडलंही नाही. त्यालाही आता नऊ दिवस झाले. ती माझ्याशी बोलत नाही. काकू सांगत होत्या की आता कुणी आलं तर ती गप्प बसून ऐकते, मी घालवलं असं म्हणत नाही, आणि परवा तिनं त्यांच्याकडून चिमूटभर मीठ मागून नेलं. ते ऐकून मी पेठेत येऊन पोत्यांच्या मागं जाऊन बसलो. माझ्याशी तिचं बोलणं बंद झालं ते मला मान्य आहे, ते तसंच राहिलं तरी माझी तक्रार नाही.

पण तिनं सांगितलेलं काम राहिलं होतं, म्हणून आज तुम्हाला सांगायला बसलोय. दाजी, त्या बुधवारी जर्सी आणि मफलर वजा जाऊन तुमचं वजन चौसष्ट किलो दोनशे ग्रॅम भरलं होतं. तुम्ही मला विचारलं होतंत, जमेल ना जायला. जमणार नव्हतं.